'फ्रॅक्चर नाही हो, नुसता तडा आहे' – हाड मोडण्याचे प्रकार

बाकावरचा
रिपोर्टवर 'अनडिस्प्लेस्ड हेअरलाइन फ्रॅक्चर' असं स्वच्छ छापलेलं असतं आणि ओपीडीबाहेर नातेवाईक फोनवर सांगत असतात, "फ्रॅक्चर नाही हो, नुसता तडा आहे." हे वाक्य एकदाचं निकालात काढावं म्हणून हा धागा.

तडा, चीर, क्रॅक, हेअरलाइन, मोड ही सगळी एकाच गोष्टीची नावं. हाडाचं सलग कवच कुठेही तुटलं की झालं फ्रॅक्चर. मग रेघ केसाएवढी असो की हाडाचा भुगा झालेला असो. 'हेअरलाइन' हा शब्द एवढंच सांगतो की तुकडे जागचे हललेले नाहीत. बरं होईल की चिघळेल, याबद्दल तो गप्प असतो.

रेघेचा आकार मात्र बोलका. हाड वाकवलं गेलं किंवा दांड्याचा थेट फटका बसला की मोड आडवा जातो. पाय खड्ड्यात अडकला आणि अंग फिरलं की पिळाचा मोड, रेघ जिन्यासारखी गोल चढत जाते. गाडीचा बंपर नडगीवर बसला की बहुधा धडकेच्या बाजूला त्रिकोणी पाचर सुटते, कारण हाड त्या बाजूने दाबलं जातं आणि पलीकडून ताणलं जाऊन फाटतं. स्नायूने किंवा लिगामेंटने (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) हिसका देऊन हाडाचा टवका उपटला, तर तो वेगळाच प्रकार. आणि जोर फार असला की चुरा.

पण नुसत्या आकारावरून उपचार ठरत नाहीत. कातडी फाटली आहे का, तुकडे सरकलेत का, रेघ सांध्यात शिरली आहे का आणि त्या हाडाला रक्त कुठून मिळतं, हे बघावं लागतं. म्हणून प्रश्न: कुठल्या 'नुसत्या तड्या'ची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटते? कारणासकट लिहा.

कातळ
खुबा. धागा संपला. :)

फिजिओताई
कातळ, एवढ्यात संपवू नका. माझं मत मनगटातल्या स्कॅफॉइडला.

काजूएवढं हाड. हातावर पडल्यावर मोडतं, सूज फार येत नाही, बोटं हलतात, माणूस स्कूटर चालवत घरी जातो. अंगठा वर ताणून धरला की त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये खळगा पडतो, पूर्वी तपकीर ठेवायचे तो. तिथे बोट दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे स्वच्छ असला तरी स्कॅफॉइड मोडलंय असं धरून चालायचं. पहिल्या दिवशी रेघ न दिसणं हे नेहमीचंच. मनगट स्प्लिंटमध्ये (आधाराच्या पट्टीत) किंवा प्लास्टरमध्ये ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. तोवर मोडलेल्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि रेघ उघडी पडते. घाई असेल तर एमआरआय.

भीती यासाठी की या हाडात रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं मनगटाकडे जातं. मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. मधला मोड सरकलेला नसला तरी प्लास्टर ८ ते १२ आठवडे लागतं. 'मुरगळलंय' म्हणून सोडून दिलं तर हाड जुळतच नाही आणि काही वर्षांनी मनगट झिजतं. तेव्हा मूळ मार कुणाला आठवतही नसतो.

दवबिंदू
म्हणजे आता प्रत्येक मुरगळ्याला प्लास्टर? हे जरा अती होतंय. घोटा मुरगळलेल्यांत मोड निघणारे थोडेच असतात.

एक्सरेवाला
दवबिंदू, घोट्यापुरतं तुमचं बरोबर आहे, आणि त्यासाठी नियमही आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली बसवला. घोट्याशी दुखतंय ना? मग बाहेरच्या आणि आतल्या घोट्याच्या हाडाचा मागचा काठ टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत दाबत जायचं. पुढचा काठ नाही, तिथे लिगामेंट दुखतं आणि फसगत होते. पाऊल दुखत असेल तर बाहेरच्या कडेला मध्यावर उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड, हे दाबायचं. शिवाय मार बसल्याबरोबर आणि तपासताना, दोन्ही वेळा चार पावलं टाकता येतात का ते बघायचं. लंगडत टाकली तरी चालतील. हाड दाबून दुखत नाही आणि चार पावलं पडतात, तर एक्स-रेचे पैसे वाचवा.

प्यायलेला माणूस, मधुमेहाने बधिर झालेले पाय आणि अगदी लहान मूल यांना हा नियम लावू नये. त्यांचं 'दुखत नाही' विश्वासाचं नसतं.

आणि एक्स-रे काढायचाच तर दोन दिशांनी, वरखालच्या दोन्ही सांध्यांसकट. फक्त दुखऱ्या जागेचा फोटो मागू नका. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अल्ना (करंगळीकडची) एकटीच मोडलेली दिसली, तर रेडियसचं (अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं कोपरात जागेवर आहे का ते बघायचं. रेडियसच्या मधून काढलेली सरळ रेघ प्रत्येक फोटोत दंडाच्या हाडाच्या गोल टोकातून गेलीच पाहिजे. नाही गेली तर सांधा निखळलाय. याला माँटेजिया म्हणतात. कोपर फोटोत आलंच नाही तर हे हमखास सुटतं आणि मुलाचा हात कायमचा अडकतो.

सदू
पावलाच्या बाहेरच्या उंचवट्यावर हळद-तुरटीचा लेप लावला तर चालेल का?

फिजिओताई
लेप लावा, त्याने हाडाचं काही बिघडत नाही आणि काही जुळतही नाही. मालिश मात्र नको. ताज्या मोडावर तेल लावून रगडलं की न सरकलेलं हाड सरकतं. कोपराशी तर मार लागलेल्या स्नायूतच हाड धरायला लागतं आणि सांधा आखडतो.

बाकावरचा
त्या उंचवट्यावरून आठवलं. पाचव्या मेटाटार्सलचं (पावलातलं करंगळीकडचं लांब हाड) अगदी बूड उपटलं गेलं तर कडक तळव्याचा बूट घालून चालत-चालत ते बरं होतं. तिथून जेमतेम दीड सेंमी पुढे आडवा मोड झाला तर तो जोन्स फ्रॅक्चर. रक्तपुरवठा तुटपुंजा, सहा-आठ आठवडे पाय टेकायचा नाही, खेळाडू असेल तर सरळ स्क्रू. रिपोर्टवर दोन्हीकडे 'बेस ऑफ फिफ्थ मेटाटार्सल' एवढंच लिहिलेलं असतं! रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननी १९०२ साली याचं वर्णन केलं, त्यात त्यांचं स्वतःचं पाऊलही होतं. नाचताना मोडलं होतं.

कातळ
गणपतीत नाचणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

बालरोग_वाचक
मुलांचं वेगळं लिहायला हवं. त्यांचं हाड ओल्या फांदीसारखं. फांदी वाकवली की एका बाजूने साल फाटते, दुसऱ्या बाजूने नुसती वाकते, तो ग्रीनस्टिक. टोकाच्या बाजूने दाबलं गेलं तर आरपार तुटत नाही, फक्त कडेला फुगवटा येतो; तो बकल किंवा टोरस. या दोन्हींना 'तडा' म्हणतात, पण बकलला काढता-घालता येणारा स्प्लिंट तीन आठवडे पुरतो. ग्रीनस्टिक मात्र प्लास्टरमध्येही वाकत जातो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

खरी जपायची जागा म्हणजे वाढीची तबकडी, हाडाच्या टोकाजवळचा तो थर जिथून हाड लांबीला वाढतं. साल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये तिच्या मोडांचे पाच प्रकार पाडले. दुसरा सर्वात जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा नीट भरतो. तिसऱ्या-चौथ्यात रेघ सांध्यात जाते, तिथे हाड तंतोतंत बसवावं लागतं. पाचव्यात तबकडी चेपली जाते आणि त्या दिवशी एक्स-रेवर काहीच दिसत नाही; पुढे हाड आखूड किंवा वाकडं वाढायला लागल्यावर कळतं. प्लास्टर निघालं की पालक येणं बंद करतात. निदान वर्षभर तरी अधूनमधून दाखवा.

दवबिंदू
पण एक्स-रेवर मुलांच्या हाडात नेहमीच रेघा दिसतात. त्या मोड नव्हेत हे कसं ओळखायचं?

एक्सरेवाला
वाढीच्या रेघेच्या कडा गुळगुळीत आणि ठळक असतात, ताज्या मोडाच्या टोकदार. वर जो पाऊलकडेचा उंचवटा आला, तिथली वाढीची रेघ हाडाच्या लांबीला समांतर जाते आणि मोड तिला आडवा. शंका राहिली तर दुसऱ्या पायाचा फोटो शेजारी लावायचा.

घाटवाट
धागा दवाखान्यातच फिरतोय, डोंगरात काय करायचं ते लिहितो.

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी कुणाचा पाय मोडला तर बूट काढायची घाई नको, पण नाडी सैल करा. हात मोडला असेल तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच उतरवा, तासाभराने उतरणार नाही. आधार देताना मोडाच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत. नडगीसाठी झोपायची मॅट इंग्रजी 'यू'सारखी टाचेखालून दोन्ही बाजूंनी मांडीपर्यंत घ्यायची आणि चार-पाच ठिकाणी ओढणीने बांधायची. मोडाच्या बरोबर वर गाठ नको. मॅट नसेल तर चांगल्या पायालाच बांधा, गुडघ्यांत आणि घोट्यांत कापडाची घडी घालून, गाठी चांगल्या पायाकडे. बांधायच्या आधी आणि नंतर अंगठ्याचं नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नंतर पांढरं राहिलं तर सोडून सैल बांधा. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

मांडीचं हाड मोडलं तर बाहेर रक्ताचा थेंब नसतानाही आत लिटर-दीड लिटर रक्त साठतं. मांडी फुगत चालली, माणूस थंड पडला, घाम फुटला, तर '१०८'ला हे शब्दशः सांगा. 'पायाला लागलंय' एवढं सांगून भागत नाही.

सदू
हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं का? सिनेमात ढकलतात.

घाटवाट
नाही! आणि सिनेमात दारूही ओततात, तीही नको. हळद नको, कॉफी नको, माती नको. स्वच्छ कापड सलाइनने किंवा पिण्याच्या पाण्याने ओलं करून झाका आणि आहे त्या स्थितीत बांधा.

बाकावरचा
यात एक गैरसमज फार आहे. ओपन फ्रॅक्चरमध्ये (कातडी फाटलेल्या मोडात) हाड बाहेर दिसायलाच हवं असं नाही. मोडाजवळ टाचणीएवढं भोक आहे आणि त्यातून तेलकट तवंगाचं रक्त झिरपतंय, तर तेही ओपन. टोक आतून कातडी फोडून परत आत गेलेलं असतं. गुस्तिलो आणि अँडरसन या सर्जनांची १९७६ची वर्गवारी अजून चालते: १ सेंमीपेक्षा लहान स्वच्छ जखम पहिला प्रकार, त्यापुढे दुसरा, आणि १० सेंमीच्या वर किंवा स्नायूंचा चेंदामेंदा असेल तर तिसरा. शेतातली, गटारातली माती असेल तर जखम लहान दिसली तरी तिसऱ्यातच धरतात. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं, धनुर्वाताचं इंजेक्शनही. भोक बारीक म्हणून बाहेरून टाका घालून बंद केलं की आत पू झालाच म्हणून समजा.

वैद्यबुवा
सगळे कॅनडा-अमेरिका करताय, म्हणून घरचं थोडं. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिलेत. चूर्णित म्हणजे चुरा. वक्र म्हणजे वाकलेलं पण न तुटलेलं, तुमचा ग्रीनस्टिक. अस्थिच्छल्लित म्हणजे कडेचा सालपा निघालेला, स्फुटित म्हणजे तडे गेलेलं. कुश म्हणजे आधाराच्या पट्ट्या. त्या मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या सालींच्या आणि बांबूच्या. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची. सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही, घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू.

कातळ
मग आमचा हाडवैद्य बांबूच्या पट्ट्या बांधतो ते शास्त्रशुद्धच की!

वैद्यबुवा
त्यातलं शेवटचं वाक्य पाळलं तर. बिघडतं ते तिथेच.

बालरोग_वाचक
वैद्यबुवांना +१. कोपराच्या वरचा मोड, मूल पाच-सात वर्षांचं, झाडावरून किंवा घसरगुंडीवरून पडलेलं. तिथे रक्तवाहिनी हाडाला चिकटून जाते आणि सूज भराभर चढते. त्यावर घट्ट पट्ट्या बांधल्या की हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नाही. काही तासांत स्नायू मरतात, पुढे बोटं पंज्यासारखी आकसतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये लिहिलेलं हेच ते आकुंचन. दवाखान्यातल्या घट्ट प्लास्टरनेही अगदी हेच होतं, त्यामुळे बोट एकट्या हाडवैद्याकडे नको.

लक्षण एकच लक्षात ठेवा: मूल शांत होत नाही, औषधाने कळ थांबत नाही आणि बोटं हळूच सरळ केली की किंचाळतं. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटी जाते. अशा वेळी प्लास्टर आणि आतला कापूस कातडीपर्यंत उभा कापून उघडायचा आणि हात छातीच्या पातळीला ठेवायचा. उशांवर उंच चढवला तर आहे तेवढं रक्तही कमी पोचतं. सकाळची वाट बघायची नाही.

फिजिओताई
म्हणूनच पहिले काही दिवस 'कच्चं' प्लास्टर असतं. हाताला ८-१० थरांची, पायाला १२-१५ थरांची पट्टी एकाच बाजूला, वर बँडेज. सुजेला फुगायला जागा राहते. लोकांना वाटतं डॉक्टर दोनदा पैसे घेतात. सूज उतरली की पक्कं. गरम पाण्यात भिजवलं तर लवकर बसतं, पण जास्त तापतं आणि कातडी भाजू शकते. पाणी साधंच हवं. हाताला कडक लागलं तरी आतून वाळायला दोन-तीन दिवस जातात. तोवर उशीवरच ठेवा, फरशीवर टेकवलं तर खळगा पडतो आणि आत व्रण होतो.

खेळकरी
इथे पळणाऱ्यांचा तडा कुणीच घेतला नाही. पोलीस भरतीच्या तयारीत १६०० मीटरसाठी डांबरी रस्त्यावर रोज दोन वेळा पळणारी पोरं. मार नाही, पडणं नाही, आणि नडगी दुखते. हाड रोज थोडं झिजतं आणि रात्री भरून निघतं. झीज भरण्यापेक्षा वेगाने झाली की स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्येच कवायत करणाऱ्या शिपायांची सुजलेली पावलं नोंदवली होती.

नडगीच्या आतल्या काठावर वीतभर पट्टा दुखत असेल तर तो बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताणाचं दुखणं, तडा नव्हे. एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रात्री झोपतानाही ठणकत असेल तर तडा धरा. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे कोरा येऊ शकतो. मागच्या-आतल्या बाजूचा तडा सहा-आठ आठवडे पळणं थांबवल्यावर भरतो. नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध काळी रेघ दिसली तर ती ताणाच्या बाजूची, पाऊल टाकलं की दरवेळी उघडते. महिनोन्महिने जुळत नाही आणि एका उडीत आरपार जाऊ शकते. एकच हाड, दोन तडे, दोन वेगळ्या गोष्टी.

दवबिंदू
हे पटलं. माझा आक्षेप मागे घेते.

बाकावरचा
मग आता कातळ यांचं पहिलं उत्तर पुरं करतो, कारण ते बरोबर होतं.

मांडीच्या हाडाच्या चेंडूला (खुब्यात बसणाऱ्या गोल टोकाला) रक्त त्याखालच्या अरुंद भागावरून, म्हणजे हाडाच्या 'माने'वरून, चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. आजी बाथरूमच्या फरशीवर घसरतात, ही मान मोडते, पण तुकडे एकमेकांत रुतून बसतात. पाय आखूड नाही, बाहेर वळलेला नाही, आजी धरून चालतातही. कधी नुसता गुडघाच दुखतो म्हणतात आणि एक्स-रे गुडघ्याचा निघतो! खुब्याच्या एक्स-रेत काही दिसलं नाही आणि तरी पाय टेकवत नाही, तर एमआरआय किंवा सीटी हवंच.

या टप्प्यावर सापडलं तर दोन-तीन स्क्रू बारीक छेदातून घालून भागतं. 'तडाच आहे, आराम करू' म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात ते सरकलं, तर वाहिन्या तुटतात, चेंडू मरतो, आणि अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलावा लागतो. मानेच्या खालचा, ट्रोकँटरचा (तिथल्या हाडाच्या उंचवट्याचा) मोड दिसायला भयंकर, पाय आखूड आणि बाहेर वळलेला, पण तिथे रक्त भरपूर. रॉड घातला की जुळतो. दोन्हींत शस्त्रक्रिया शक्यतो ३६ ते ४८ तासांत, कारण पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीचे व्रण आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. हाडापेक्षा त्या माणसाला नेतात.

सदू
डिंकाचे लाडू चालू केले तर किती दिवसांत जुळेल?

वैद्यबुवा
लाडू खा, पण दिवस लाडवांवर ठरत नाहीत. ढोबळ हिशोब पर्किन्स या ब्रिटिश सर्जनचा: मोठ्या माणसाच्या हाताचा पिळाचा मोड तीन आठवड्यांत धरतो. पक्का व्हायला दुप्पट, पाय असेल तर आणखी दुप्पट, मोड आडवा असेल तर पुन्हा दुप्पट. म्हणजे नडगीचा आडवा मोड पक्का व्हायला २४ आठवडे. पिळाच्या मोडात हाडाला हाड लागायला जागा जास्त म्हणून तो लवकर धरतो. सुश्रुत सांध्याबद्दल म्हणतो, लहानपणी एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन.

फिजिओताई
आणि विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री या काळात पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि मोड धरायला उशीर होतो. लाडू खाऊन वर मिश्री लावणाऱ्या आज्यांना हे कुणी सांगत नाही.

दवबिंदू
मूळ मुद्दा राहिलाच. 'नुसता तडा' म्हणायचं नाही, तर फोनवर सांगायचं काय?

एक्सरेवाला
"फ्रॅक्चर आहे, सरकलेलं नाही." आणि हाडाचं नाव.

कातळ
हे सांगितलं तर भेटायला येणारे तिप्पट होतील. चहाला दूध कुठून आणायचं?